तिसऱ्या टेकमधला 'स'

मंजूषाचा छोटा स्टुडिओ टी. टी. नगरमधल्या तिच्या घराच्या मागच्या खोलीत होता. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तिचा चुलतभाऊ अच्युतदादा तिथे एक ब्लूज रॉक गाणं गाऊन गेला. पन्नाशी ओलांडलेला, गोविंदपुऱ्यात एका कारखान्यात टेक्निशियन, बाग सेवनियात एकटा राहणारा. तीन टेक झाल्यावर म्हणाला, "डोकं जड झालंय गं. घरी जाऊन पडतो जरा."

दीड वाजता ती आणि ड्रमर केदार दोन मिक्स ताडून बघत होते. एकात पहिला टेक होता, दुसऱ्यात तिसरा.

"तिसराच ठेव यार," केदार म्हणाला. "त्यात दर्द आहे. शब्द बघ कसे ओढलेत."

मंजूषाला मात्र काहीतरी खटकत होतं. तिने गिटार बंद केली, आवाजावरचा एको काढून टाकला आणि नुसता गळा ऐकला. 'सडक सूनी है सारी' ही ओळ पहिल्या टेकमध्ये लख्ख होती. तिसऱ्यात प्रत्येक 'स' घसरत होता, जीभ जड झाल्यासारखा. माइक तोच, जागा तीच. तिने दुसरा टेक लावला. घसरायला सुरुवात तिथेच झाली होती.

बाबा असेच बोलले होते, जेवताना. झोप आली असेल म्हणून सगळ्यांनी त्यांना निजवलं, आणि ते पुन्हा उठले नाहीत.

तिने अच्युतदादाला फोन लावला. पुन्हा लावला. नुसतीच रिंग जात राहिली.

"केदार, गाडी काढ."

"अगं, झोपला असेल तो."

"म्हणूनच म्हणते, काढ."

होशंगाबाद रोडवरचा एकेक सिग्नल सुटता सुटेना. दादाच्या शेजारच्या सुनंदाकाकूंकडे त्याच्या घराची जादा किल्ली असायची, ती घेतली. कुलपात किल्ली फिरवताना तिला वाटलं, आत जाऊच नये.

अच्युतदादा पलंगाला टेकून जमिनीवर बसला होता. ओठाची डावी कड खाली ओघळलेली. "काही नाही... जरा पडलो," असं काहीसं तो म्हणाला. शब्द नीट लागत नव्हते.

"दादा, दोन्ही हात वर कर."

डावा हात उचललाच गेला नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "कब से?" मंजूषाने फोनवर रेकॉर्डिंगच्या वेळा काढून दाखवल्या : पहिला टेक अकरा दहाला, दुसरा अकरा पस्तीसला. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, गुठळीवरचं औषध द्यायला अजून वेळ आहे म्हणाले आणि स्ट्रेचर आत ढकलायला सांगितलं. पुढचे दोन तास ती बाकावर नुसती दाराकडे बघत बसली. केदारने आणलेला चहा हातातच निवला.

मेंदूतली गुठळी विरघळली. चौथ्या दिवशी अच्युतदादा बऱ्यापैकी स्पष्ट बोलला. हाताला मात्र अजून व्यायाम चालू आहे. मंजूषा त्याला रोज सकाळी फोन करते. त्याने "हं, बोल" म्हटलं तरी ती त्याला आणखी थोडं बोलायला लावते.