कडी तिथे, फाटक इथे

मित्रांनो, दोन्ही बाजूंना कुंपण नसलेले फाटक तुम्ही कधी पाहिले आहे का? नसेल तर मला पाहा. मी एक जुने, रेडवुडच्या लाकडाचे फाटक आहे. परसाच्या टोकाला, लिंबाच्या झाडाजवळ, दोन खांबांच्या मध्ये उभे असते. माझ्यातून जायची कोणालाच गरज पडत नाही. हसायचे तर हसून घ्या, पण मी नेहमी असे नव्हते.

कॅलिफोर्नियातल्या या टेकडीवर मॅन्युएल सिल्वेराने मला घडवले. पाण्याच्या मोडक्या लाकडी टाकीच्या फळ्या त्याने रंधा मारून घेतल्या. कडी मात्र वडिलांच्या गोठ्यातली, लोखंडी. बिजागऱ्या त्याने थेट घराच्या भिंतीत ठोकल्या. स्वयंपाकघराची खिडकी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. संध्याकाळी तो घरी आला की कडी वाजे, खट्ट! आणि आत त्याची बायको एर्नेस्टिना पालेभाजीचे सूप गरम करायला ठेवी. कडीचा तो आवाज म्हणजे माझा आवाज, आणि त्याचा मला भारी अभिमान होता.

सात वर्षांपूर्वी मॅन्युएल गेला. त्यानंतर वाऱ्याने कडी वाजली तरी एर्नेस्टिना खिडकीतून डोकावायची. बाहेर कोणी नाही हे तिला माहीत असायचे. तरी डोकावायची.

मग गेल्या उन्हाळ्यात डोंगरापलीकडे वणवा पेटला. खालच्या वळणावरचे एक घर जळाले. वणवा त्या घरापर्यंत आलाच नव्हता. ठिणग्या उडत आल्या, लाकडी कुंपणावर पडल्या आणि कुंपणाने आग भिंतीपर्यंत नेली. हे ऐकले आणि मला धडकी भरली. ज्या घराची मी इतकी वर्षे राखण केली, त्याला आग नेऊन देणारे उद्या मीच ठरले असते.

लवकरच विमा कंपनीचे पत्र आले. भिंतीपासून पाच फुटांत जळणारे काहीही नको. महिनाअखेर तपासणीत पास झाले नाही तर घराचा विमा बंद. एर्नेस्टिनाने आयुष्यभर शाळेची बस चालवलेली, पेन्शन ती केवढी! पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर राहणाऱ्या बहिणीला एकदा भेटून यायचे म्हणून तिने पैसे बाजूला ठेवले होते. त्यातले निम्मे झुडपे काढणाऱ्या माणसांनी नेले. मॅन्युएलने लावलेली रोझमेरी मुळासकट गेली. हायड्रेंजियाची फुलझाडेही गेली.

शेजारच्या ग्लेन होस्किन्सला ती उघडी माती बघवेना. या टेकडीवरच्या लोकांना मोकळी माती दिसली की ती झाकल्याशिवाय चैन पडत नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी, एर्नेस्टिना बाजारात गेलेली असताना, त्याने भिंतीलगत झाडांच्या सालीच्या चुऱ्याची बारा पोती पसरली. दुसऱ्या दिवशी अग्निशमन खात्याची तरुण अधिकारी आली आणि जागीच थांबली.

"हे कोणी टाकलं?"

"मी!" ग्लेन छाती फुगवून म्हणाला. "छान दिसतंय ना?"

"दिसतं छान. पेटतंही छान."

ग्लेनचा चेहरा पडला. एर्नेस्टिनाने कपाळावर हात मारला. "चाळीस वर्षं सांगतेय ग्लेन, विचारून करत जा! घराला सरपण लावून ठेवलंस. उचल आता सगळं, आणि कंबर धरून बसू नकोस."

अधिकारी हसली. मग तिची नजर माझ्यावर आली. "मिसेस सिल्वेरा, हे फाटकही काढावं लागेल. इथे लोखंडी लावा."

एर्नेस्टिनाने माझ्यावर हात ठेवला. "रोझमेरी नेलीत, हायड्रेंजिया नेल्यात. एवढं एक राहू द्या ना."

"माझ्या हातात असतं तर राहू दिलं असतं. पण ठिणगी पडली तर आधी हे पेटेल, आणि त्यानंतर तुमची ही खिडकी."

एर्नेस्टिनाने कडीवर बोटे टेकवली. मग हळूच म्हणाली, "आणि कडी? ती लोखंडाची आहे."

"कडी ठेवा की!"

नव्या लोखंडी फाटकावर माझी कडी बसली, आणि त्या फाटकात अझोर्सच्या तिकिटाचे उरलेले पैसेही गेले. ग्लेनने मला उचलून इथे आणून उभे केले. "चुलीत घालशील तर याद राख," असा तिने त्याला दमच भरला होता.

आता टपालवाला येतो तेव्हा तिकडे खट्ट वाजते. तो माझाच आवाज आहे, आणि दर वेळी वाटते की आपण उघडलो. पण मी इथेच असते. येथून घराचे अख्खे छप्पर दिसते, धुराडे दिसते. इतकी वर्षे मला त्याची फक्त हातभर भिंत दिसायची. त्या हातभर भिंतीसाठी माझा जीव अजून तुटतो.

मित्रांनो, घराभोवतीचा पालापाचोळा वेळेवर काढा. जे दूर करायला हवे ते दूर करा, मी त्याबद्दल रुसलेले नाही. फक्त दूर केलेल्याला विसरू नका, अधूनमधून त्याच्याकडे जात जा.

एर्नेस्टिना येते. रोज संध्याकाळी लिंबे काढायला येते. बाजूने सहज जाता येईल, पण ती मला ढकलून आत येते आणि जाताना ओढून घेते. जिथे कडी होती तिथे आता चार भोके आहेत. त्यांवर तिची बोटे थांबतात. मी वाजत नाही. तरी ती मान वर करून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघते, जणू आत कोणीतरी सूप गरम करायला ठेवणार आहे.