पट्टी दहापासून सुरू होते

सकाळी सव्वासहाला घाटकोपरच्या टेकडीवरच्या आमच्या गल्लीत पाणी येते. दोन मिनिटांनी पहिल्या पिंपात धार पडल्याचा आवाज होतो आणि मग तो आवाज दारादारांतून वर चढत जातो. साडेसहाला द्रौपदीकाकू आपल्या दारासमोरच्या दोन पायऱ्या खराट्याने धुतात. पावणेसातच्या सुमारास दुधाचे क्रेट खांद्यावर घेतलेला माणूस खालून चढू लागतो आणि वरून उतरणारे लोक जवळच्या उंबऱ्याशी अंग चोरून उभे राहतात. गल्ली इतकी अरुंद आहे की दोघे एकाच वेळी सरळ जाऊ शकत नाहीत. म्हणून ओझे घेऊन चढणाऱ्याला थांबवायचे नाही, उतरणाऱ्याने बाजूला व्हायचे, हा नियम येथे सर्वांना पाठ आहे. तो कोणी कोठे लिहिलेला नाही.

त्या सकाळीही सारे रोजच्यासारखेच चालले होते. वेगळे एवढेच होते की पायऱ्यांवर मी पसरले होते, आणि आनंदाने माझा श्वास माझ्या चामड्याच्या घरात मावत नव्हता!

मित्रांनो, तीस मीटर लांबीची, कापडी अंगाची, पितळी कडीची अशी एक जुनी मोजपट्टी तुमच्याशी बोलते आहे. आठ वर्षांनी मला कोणीतरी खिळ्यावरून उतरवले होते.

"काकू, कडी घट्ट धरा हं. हलू देऊ नका," श्रुतिका म्हणाली.

"धरलीय गं बाई. एवढं काय मोजतेस? पायऱ्यांवर मांडव घालायचाय काय?"

"गेम बनवतोय आम्ही. बंदुकीचा. सैनिक खालून चढणार, दारांच्या आडोशाला लपणार, गोळ्या झाडणार. आणि गल्ली आपली, काकू! हुबेहूब!"

"माझ्या दाराच्या आडोशाला?" काकूंनी कडी धरल्या हाताने पदर सावरला. "मग आधी दाराला रंग मारून घेते. ह्यांना तीन वर्षं सांगतेय, ऐकत नाहीत. आता म्हणावं, सैनिक येतायत!"

श्रुतिका हसली, वाकून माझ्यावरचा आकडा वाचला आणि वहीत लिहिले, बत्तीस. मी हादरले. पण का हादरले, हे समजण्यासाठी तुम्हाला माझे आधीचे आयुष्य सांगायला हवे.

मला घाटकोपर स्टेशनजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून गुणाजी मिस्त्रींनी विकत घेतले. ते कोकणातून आलेले. गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी हातात थापी घेतली आणि गवंडीकाम शिकून घेतले. टेकडीवरच्या या गल्लीतील एकशे सहा पायऱ्यांपैकी बहुतेक त्यांनी माझ्या साक्षीने बांधल्या. मुलुंडपासून विक्रोळीपर्यंत मी त्यांच्या पिशवीतून हिंडले. "मिस्त्रींची टेप म्हणजे कोर्टाचा निकाल," असे लोक म्हणत, तेव्हा मी गुंडाळलेल्या अवस्थेतही ताठ होत असे.

मग एके दिवशी विक्रोळीत एका दुकानाचे शटर बसवताना माझे टोक त्याखाली सापडले आणि पहिल्या दहा सेंटिमीटरच्या चिंध्या झाल्या. दुसऱ्या कोणी मला टाकून दिले असते. मिस्त्रींनी कात्रीने बरोबर दहाच्या रेषेवर मला कापले आणि तेथे तांब्याच्या तारेने कडी पुन्हा शिवली. तेव्हापासून माझे मोजमाप दहापासून सुरू होते. मिस्त्री वाचलेल्या आकड्यातून मनातल्या मनात दहा वजा करीत आणि उरलेला आकडा मोठ्याने सांगत. हाताखालच्या सगळ्या माणसांना हे ठाऊक होते. नात श्रुतिका लहानपणी त्यांच्या मागे मागे असे, पण तिच्या कानी पडत ते वजाबाकी झालेले आकडे. वजाबाकी तिने कधी पाहिलीच नव्हती.

पुढे मिस्त्रींचे गुडघे थकले. लेझर किरणाने माप सांगणारी यंत्रे आली. मी दारामागच्या खिळ्यावर, छत्रीच्या शेजारी, आठ वर्षे लटकत राहिले. आता श्रुतिकाने मला उतरवले तेव्हा आजोबा गावच्या घराची कौले शाकारायला दोन महिने कोकणात गेले होते. कडीजवळचे माझे आकडे सिमेंटच्या हातांनी पुसून गेलेले. बावीसची पायरी तिने बत्तीस वाचली, आणि ते तिला खरेही वाटले. ही टेकडी चढताना जन्मापासून तिला दम लागत होता. पायऱ्या उंच असणारच!

मी ओरडत होते, "वजा कर! दहा वजा कर!" पण पट्टीला आवाज नसतो. त्या सकाळी आणि पुढच्या दोन सकाळी मिळून तिने दोनशे बारा मापे घेतली. सगळी दहाने जास्त.

त्यानंतर मी तिच्याबरोबर अंधेरीला गेले. चौथ्या मजल्यावरच्या त्या कचेरीत वीस-बावीस तरुण माणसे पडद्यांसमोर बसून खेळ रचतात. खेळाच्या एकेका जागेला ते लेव्हल म्हणतात. गोराईच्या जेट्टीची लेव्हल तयार होती. घाटकोपरची गल्ली ही श्रुतिकाची पहिली. टीमच्या प्रमुख मीराताईंनी तिला बजावले होते, "फोटो बघून कोणीही गल्ली काढतं. तुझी गल्ली खरी वाटली पाहिजे. मापं सगळी तुझ्या भरवशावर. मी परत तपासणार नाही."

"मी स्वतः मोजलंय, ताई. एकेक पायरी," श्रुतिका म्हणाली.

मित्रांनो, पुढचे तीन आठवडे मी तिच्या टेबलावरून जे पाहिले त्याचे वर्णन कसे करू! पडद्यावर करड्या ठोकळ्यांतून आमची गल्ली उगवत होती. भिंतीवरून जाणारे पाण्याचे सहा पाइप आले, काकूंचे निळे पिंप आले, मीटरच्या पेटीखालचा गंजाचा ओघळ आला. चालण्याचा कोड लिहिणारा प्रबुद्ध मानखुर्दचा. श्रुतिकाने त्याला अंग चोरण्याची रीत सांगितली, तेव्हा तो खुर्चीतून उठूनच उभा राहिला.

"म्हणजे आपल्याच टीमचे दोघं समोरासमोर आले, तर उतरणारा आपोआप आडवा होणार? झकास! कुठल्या गेममध्ये असं नाही बघितलं मी!"

त्याने ते दोन दिवसांत लिहिले.

बुधवारी पहिली चाचणी झाली. खेळून बघण्याचे काम सपनाचे. सगळे तिच्या खुर्चीमागे दाटीने उभे राहिले. तिचा सैनिक गल्लीच्या तोंडाशी आला, पहिल्या पायरीपाशी गेला आणि थांबला. तो जागच्या जागी पाय हलवत राहिला.

"अरे, चढ की! याला काय पालखी पाठवू?" सपना म्हणाली. तिने उड्या मारल्या, मागे जाऊन धाव घेतली. सैनिक पायरीला नाक लावून उभा. शत्रूने वरून त्याला आरामात टिपले. एकदा, दोनदा, नऊदा.

कोणी हसले नाही. खेळाच्या यंत्रणेत तीस सेंटिमीटरपर्यंतचा उंचवटा म्हणजे पायरी, आणि त्याहून उंच काहीही म्हणजे भिंत. श्रुतिकाची प्रत्येक पायरी बत्तीसची होती.

"मापं बरोबर आहेत?" मीराताईंनी विचारले.

"माप चुकणारच नाही, ताई. आजोबांच्या टेपने मोजलंय."

"मग कोडमध्ये घोळ आहे. प्रबुद्ध?"

"बघतो ना. पण बाकी सगळीकडे मस्त चढतात यार..."

"शुक्रवारी शेवटची चाचणी. नाही जमलं तर ही गल्ली काढून टाकू आणि नेहमीचं गोदाम घालू. पुढे वेळ नाही."

त्याच संध्याकाळी गुणाजी मिस्त्री गावाहून परत आले. श्रुतिकाने चहा होण्याच्या आतच लॅपटॉप त्यांच्यापुढे उघडला. ते बराच वेळ पाहत राहिले. पाइप मोजले, पिंप ओळखले, हसले. मग त्यांचे बोट पडद्यावर एका जागी थांबले.

"ह्यो पायऱ्यो माज्यो न्हय."

"असं काय, आजोबा? तुमच्याच आहेत. मी मोजल्यायत."

"माजी पायरी साडेआठ इंचाची. हंय तर गुडघो छातीक लागता. कोणाच्या टेपीन मोजलंस?"

तिने मला पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिले. त्यांचा अंगठा सवयीने तांब्याच्या तारेवर गेला.

"धा वजा केलंस मां गो?"

त्या वेळचा तिचा चेहरा मी विसरणार नाही. वही काढून तिने पहिले पान उघडले, दुसरे उघडले. मोठ्या मापांत दहा सेंटिमीटर कोठेच जाणवत नव्हते. चौकाची लांबी सहा मीटर दहा की सहा मीटर, कोण बघतो? पायरीसारख्या लहान मापाचे मात्र त्यांनी रूपच पालटून टाकले होते.

आजोबा म्हणाले, "चूक तुजी न्हय. मियांच तुका सांगूक नाय." मग मला परत तिच्या हातात देत म्हणाले, "पण आता तुका कळला."

गुरुवारी तिने दोनशे बारा मापांतून दहा वजा केले. पायरी बावीसची झाली. चौऱ्याण्णवची गल्ली चौऱ्याऐंशीवर आली, म्हणजे होती तशी अरुंद झाली. कोणाला तिने काही सांगितले नाही. मीराताईंचा विश्वास जाईल, गल्लीच काढून टाकतील, आधी चाचणी होऊ दे, असे ती मनाशी घोकत असावी. तिची बोटे सारखी माझ्या कडीशी चाळा करीत होती, त्यावरून मी ओळखले. तिकडे प्रबुद्धने जेवणाचा डबा न उघडता तीसचा नियम पस्तीस केला होता.

आणि शुक्रवार! मित्रांनो, असा दिवस मिस्त्रींच्या पिशवीतही मी पाहिला नव्हता.

सपनाचा सैनिक गल्लीत शिरला आणि टप् टप् टप् चढू लागला. पायऱ्यांमागून पायऱ्या, वळण, निळे पिंप, त्यामागे दबकून दोन क्षण, वरून गोळ्या, भिंतीचा उडालेला गिलावा! "चढला! चढला रे!" मागून कोणी ओरडले. सैनिक वर टोकाला जाऊन परत उतरू लागला, तेव्हा नव्वदाव्या पायरीवर सपनाचा एक साथीदार जखमी सैनिकाला खांद्यावर घेऊन खालून येत होता. दोघे त्या चौऱ्याऐंशी सेंटिमीटरमध्ये समोरासमोर आले. आता अडकणार! आणि सपनाचा सैनिक आपोआप आडवा झाला, पाठ काकूंच्या दाराला टेकवली, बंदूक छातीशी उभी धरली. ओझेवाला त्याच्या अंगाला घासून वर निघून गेला.

"आईशप्पथ!" सपनाने हात कीबोर्डवरून उचलले. "हे तर आमच्या गल्लीत होतं! रोज होतं!"

टाळ्या पडल्या. मीराताई हसल्या. "गल्ली राहणार. श्रुतिका, उत्तम. प्रबुद्ध, जमवलंस शेवटी." मग त्यांनी सपनाला सांगितले, "आता गोराई उघड. सगळं एकदा बघून घेऊ."

गोराईची जेट्टी उघडली. सैनिक जेट्टीच्या कडेने धावला, तेहतीस सेंटिमीटरच्या कठड्यावर पायरीसारखा चढला आणि सरळ खाडीत पडला. दुसराही पडला. पाठोपाठ सगळी तुकडी पाण्यात.

"प्रबुद्ध, तुझ्या पलटणीला पोहायला नेलंस काय रे?" सपना म्हणाली. हशा उसळला. प्रबुद्धही कसनुसा हसला. मीराताई हसल्या नाहीत.

"एक दुरुस्त करायला गेलास आणि तयार लेव्हल मोडलीस. हा दोष तुझ्या नावावर टाकते. कोड मुळात का चुकला, ते आज संध्याकाळपर्यंत लिहून दे."

"मलाच कळत नाहीये ताई, का चुकला," तो हळूच म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. डबा तसाच बाजूला होता.

मित्रांनो, माझी एक विनंती ऐका. तुमच्याही घरात खिळ्यावर टांगलेली, टोक तुटलेली एखादी वस्तू असेल. तिला फेकू नका. तुटलेल्या वस्तूनेही नीट काम होते, मिस्त्रींनी माझ्याकडून वीस वर्षे करून घेतले. मात्र ती पुढच्या हातात देताना, ती कोठे तुटली आहे हे तोंडाने सांगून द्या. तुम्ही घेत असाल तर विचारून घ्या. न सांगितलेले दहा सेंटिमीटर घाटकोपरच्या टेकडीवरून निघून गोराईच्या खाडीपर्यंत जातात, आणि तेथे भलत्याच माणसाला बुडवतात.

दुपारचे साडेतीन झाले होते. पलीकडे टीमचे लोक गल्लीचे चित्र मित्रांना दाखवत होते, श्रुतिकाला हाका मारत होते. ती गेली नाही. तिने टीमची दोषांची यादी उघडली. गोराईच्या ओळीत "जबाबदार" या रकान्यात प्रबुद्धचे नाव होते. ते तिने खोडले आणि तेथे स्वतःचे नाव लिहिले. "कारण" या रकान्यात तिने लिहिले, "घाटकोपरची सर्व मापे मी घेतली. प्रत्येकातून दहा वजा करायचे राहिले. ती काल दुरुस्त केली, पण कोणाला सांगितले नाही. मूळ कोड बरोबर होता. तीसचा नियम परत लावावा." एकदा वाचून तिने ते मीराताईंकडे पाठवले.

मग ती उठली, आपली खुर्ची ढकलत प्रबुद्धच्या टेबलापाशी नेली आणि त्याच्या शेजारी बसली.