पी झिंगची मूठ

भांड्यात तांदूळ ओतण्याआधी सुनेने, रून मावीने, सवयीने चर्चच्या वाट्याची एक मूठ काढून पत्र्याच्या डब्यात टाकली आणि पी झिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोणासाठी काढतेस गं? चर्च जाळलं, पाळकाला शिपाई धरून घेऊन गेले. आता देव या ताडपत्रीखाली जेवायला येणारे का?"

"आई, तुम्हीच शिकवलंत ना," सून म्हणाली. मांडीवरचं पोर अंगावर पिऊन पिऊन थकलं होतं आणि किरकिरत होतं. तिला दूधच येत नव्हतं.

येणार कुठून? खाली रस्त्यावर सैन्याचं ठाणं. बंडखोरांसाठी नेताय म्हणून तांदूळ काढून घेत. घरात तीन दिवसांचा शिधा उरलेला.

गाव जळालं, पण चर्चची कमिटी काही जळाली नाही. संडासाचा खड्डा कुठे खणायचा यावर तीन बैठका झाल्या. प्रत्येकीच्या आधी प्रार्थना, नंतर प्रार्थना. खड्डा अजून खणायचाच होता.

रविवारी दुपारी कमिटीचे सेक्रेटरी पू बियाक पोतं आणि वही घेऊन मुठीचा तांदूळ गोळा करायला आले. पी झिंगने डबा आधीच गोधडीखाली सारला होता.

"काही नाही. दाणा नाही घरात," ती म्हणाली. सून खाली बघत राहिली.

पू बियाकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पोत्यातून दोन मग तांदूळ तिच्याच भांड्यात ओतला. "ज्यांच्याकडे नाही त्यांच्या यादीत तुमचं नाव घातलं," म्हणाले आणि पुढे गेले.

पी झिंग तांदूळ निवडायला बसली. कुणाचा पांढरा, कुणाची कणी, मक्याचा भरडा. मधेच लाल दाणे. लाल भात पेरणारी एकच, शेजारच्या ताडपत्रीतली विधवा पी सुई. बुधवारपासून ती नुसतं पाणी पीत होती. पोट बिघडलंय म्हणत होती.

"मेली! उपाशी राहून मूठ घालते ही बाई!"

डबा आणि भांडं घेऊन पी झिंग पू बियाकांच्या मागे चढ धापा टाकत चढली. "खोटं बोलले मी, पू बियाक. हा आमचा डबा घ्या. आणि हे तुमचं परत."

त्यांनी डबा पोत्यात रिकामा केला. भांड्याला हात लावला नाही. "नाव लिहून झालं. खोडायला ठराव लागेल."

"मग करा की ठराव!"

"बैठक पुढच्या रविवारी. तोवर सुनेला जेवू घाला."

अख्ख्या कमिटीला शिव्या घालत ती खाली आली. चूल पेटवली आणि शेजारी तोंड करून ओरडली, "सुई! काही पोटबिट बिघडलेलं नाही तुझं. ताटली घेऊन ये!"

सुनेने रिकामा डबा पुढे केला. "आई, मूठ?"

"काढ," पी झिंग खेकसली. "माझ्या तोंडाकडे काय बघतेस? काढ!"