वाकणगावची लेकुरवाळी

"न्हाई बाई, ही आमची न्हाई," मालनआत्यांनी फोटो परत दिला आणि पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या.

खोटं बोलत नव्हत्या हो! वाकणगावात आत्यांसमोर खोटं बोलणाऱ्याची खैर नसे, मग त्या स्वतः कशाला बोलतील? फोटोत काळ्या दगडाची एक बाई होती, मांडीवर मूल घेतलेली, उजवा हात कोपरापासून तुटलेला. वाकणगावची लेकुरवाळी म्हणजे पितळी मुखवटा, टपोरे डोळे, हिरवं लुगडं आणि भली मोठी नथ. गावानं देवी पाहिली ती अशी. आतला दगड कुणाच्या बापानं पाहिला होता? तिची पूजा करणाऱ्या गुरवाच्या घरानंसुद्धा नाही. देवीचं अंग उघडं बघायचं नाही, असा नेमच होता. आंघोळ घालायची ती कापडाच्या आडून, डोळे मिटून, नुसत्या हातानं.

फोटो घेऊन आलेली यशोधरा साळवे नगरच्या एका संग्रहालयात नोंदींचं काम करायची. मूळची संगमनेरची, बोलायला गोड, पण चिकाटी घोरपडीची. पुण्याच्या एका हौशी माणसानं जन्मभर जमवलेल्या मूर्ती त्याच्या नातवंडांनी संग्रहालयाला दिल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर त्याची वहीही आली होती. कुठली मूर्ती कुठून आणली, कधी, कुणाकडून, सगळं त्या वहीत बारीक अक्षरात टिपलेलं. फक्त हिच्यापुढं लिहिलं होतं, 'प्रवरेकाठच्या एका गावच्या गुरवाकडून, १९६४. पैसे घेतले नाहीत. गावाचं नाव लिहू नये अशी त्याची विनंती. तो हिला लेकुरवाळी म्हणतो.' म्हणून ती प्रवरेकाठचं एकेक गाव धुंडाळत होती.

"गाव सापडलं नाही तर पाटीवर 'स्थळ अज्ञात' लिहावं लागेल, आजी," यशोधरा म्हणाली. "बाराशे वर्षांची मूर्ती आणि तिला गावच नाही. जिवावर येतं हो."

"येत असंल. पन आमची लेकुरवाळी डोहात हाय. इचारा कुनालाबी."

आणि कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं तेच सांगितलं असतं. साठ वर्षांपूर्वी देवळाचं काम चालू असताना वरून वासा पडला आणि देवीचा हात तुटला. खंडित मूर्ती पूजेला चालत नाही. पंच बसले, प्रवरेच्या डोहात सोडायची ठरली. आत्यांचे वडील पुंजाराम गुरव म्हणाले, मी एकटा नेईन, मागं कुणी यायचं नाही. लुगड्यात गुंडाळलेली देवी बैलगाडीत घालून ते पहाटे गेले आणि ओल्या अंगानं परत आले. तेव्हापासून नवरात्राच्या आठव्या माळेला अख्खा गाव डोहावर जातो आणि बायका पाण्यात ओटी सोडतात. पहिली ओटी पुंजारामच्या लेकीची, तो मान आजवर कुणी हलवला नाही. देवळात जयपूरहून आणलेली संगमरवरी देवी आहे, तिच्या शेजारी भिंतीवर पुंजारामबाबांचा हार घातलेला फोटो आहे.

यशोधरा गेली. आत्या शेंगा फोडत राहिल्या, पण मन काही लागेना. फोटोतल्या पोराचा एक हात दिसत नव्हता. तो आईच्या कमरेमागं गेला होता. मागं जाऊन करतोय काय मेला? हे मनात आलं आणि आत्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

कारण मागची बाजू फक्त त्यांना ठाऊक होती. जुन्या देवळात मूर्ती भिंतीला इतकी खेटून होती, की मोठ्या माणसाचा पंजा मागं जायचाच नाही. पुंजारामला मुलगा नव्हता, एक मालनच. पाच वर्षांची झाल्यापासून तोच इवलासा हात भिंतीच्या फटीत जायचा आणि देवीची पाठ धुवायचा. फोटो समोरून काढलेला, त्यात पाठ कुठली दिसायला!

चार दिवस त्यांनी कळ काढली. पाचव्या दिवशी सरपंच आप्पासाहेबाच्या दारात उभ्या राहिल्या. आत्या गावची लेक, नवरा घरजावई, म्हणून लहानथोर सगळ्या गावाच्या त्या आत्याच.

"आप्पा, नगरला कवा चाललास?"

"उद्या हाय काम. का वं?"

"ती फोटोवाली बाई आपली म्हनत हुती, ती मूर्त बघायची हाय."

"आवं आत्या, आपली डोहात हाय. लोकाच्या दगडाशी आपल्याला काय करायचंय?"

"मंग बघाया काय जातंय तुझं? गाडी तर जानारच हाय न्हवं?"

आप्पासाहेब हसला आणि तयार झाला. आत्यांना मात्र हसू येत नव्हतं. नेवासा मागं पडला तसं त्यांच्या मनात एकच घोळू लागलं. ती आपलीच निघाली, तर बाप गावाला फसवून मेला असं होणार. देवीला पाठीवर घेऊन पाण्यात उतरलेला माणूस म्हणून त्याचा फोटो देवळात आहे. तो उतरलाच नसेल तर?

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत मूर्ती एका मजबूत टेबलावर बसवली होती, चारी बाजूंनी मोकळी. आत्यांनी दारातच मान फिरवली.

"आदी तिला झाका," त्या म्हणाल्या.

मऊ पांढरं कापड आणून यशोधरानं मूर्तीवर घातलं. मग हातमोजे पुढं केले.

"मोजं घालून कुनी लेकराला न्हाऊ घालतं का गं?"

यशोधराला हसू आलं. इथला नियम मोडणार होता, पण तिनं आत्यांना साबणानं हात धुवायला लावले आणि मोजे बाजूला ठेवले.

आत्यांनी डोळे मिटले आणि हात कापडाखाली घातला. आधी गुडघा लागला. मग मांडी, आणि तिच्यावर बसलेलं पोर. काय केलं होतं त्या कारागिरानं! पोराच्या वजनानं आईच्या मांडीचं मांस किंचित दबलंय, हे बोटांना कळत होतं. दगडाला असं मऊ कसं केलं असेल! त्याच्या दंडावरून हात सरकत कमरेमागं गेला, पाठीवरच्या वेणीला लागला आणि तिथंच थांबला.

वेणीच्या टोकाशी एक मूठ होती. सुपारीएवढी. पोरानं आईची वेणी घट्ट धरली होती, अंगठा वर, आणि करंगळी तेवढी सुटी राहिलेली. लहानपणी मालन ती करंगळी रोज पाण्यानं चोळायची. बापालाही ती ठाऊक नव्हती, त्याचा हातच तिथवर पोचत नव्हता.

"न्हाई ना आपली?" आप्पासाहेबानं घड्याळ बघत विचारलं.

एक 'न्हाई' म्हटलं की झालं असतं. बापाचा फोटो जागेवर राहिला असता, डोहाची ओटी चालू राहिली असती, जगात कुणाला पत्ता लागला नसता. आत्यांचं बोट अजून त्या करंगळीवर होतं. करंगळीला नख होतं. तांदळाच्या कणीएवढं, पण नीट कोरलेलं. मूर्ती भिंतीला लागून बसणार, मागं कुणी जन्मात बघणार नाही, हे त्या माणसाला माहीत असणारच. तरी त्यानं नख कोरलं होतं. कुणाला कळणार आहे, असं म्हणून तो उठून गेला नव्हता.

"हीच हाय," आत्या म्हणाल्या.

"आत्या! काय बोलताय? मंग साठ वरसं आमी वटी कुनाची भरली? आन् पुंजारामबाबा..."

"खोटं बोलला माजा बाप." आत्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. "त्याच्यानं बुडिवली न्हाई रं ती. हात मोडला म्हनून आईला पान्यात टाकायची, जमलं न्हाई त्याला. मलाबी सांगितलं न्हाई."

त्यांनी आप्पासाहेबाचं मनगट धरलं आणि त्याचा हात कापडाखालून मागं, त्या नखावर नेला. आप्पासाहेब आधी ओढून घेत होता, मग त्यानं ओढायचं सोडलं.

"लई बारीक हाय वं," तो हळूच म्हणाला. आणि मग, "पन गाव ऐकायचं न्हाई. बाबांचा फोटो काडतील देवळातनं. तुमचा मानबी जाईल."

"जाऊ दे. म्याच सांगनार हाय गावाला. आजच."

यशोधरानं वही उघडली होती, पण पेन टेकवत नव्हती. "आजी, गावाचं नाव लिहू नका, अशी त्यांची विनंती होती."

आत्यांनी डोळे उघडले आणि स्वतःच्या हातानं कापड ओढून काढलं. सत्तर वर्षांच्या आयुष्यात त्या देवीचं तोंड पहिल्यांदा बघत होत्या. मुखवट्यासारखे डोळे नव्हतेच मुळी, लहानच होते, आणि ते पोराकडं लागले होते. कोपरापासून हात नव्हता, त्याचं तिला काहीच वाटत नव्हतं. आत्यांनी पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा बघितलं. किती गं देखणी तू, त्या पुटपुटल्या.

"गाव वाकणगाव," त्या यशोधराला म्हणाल्या. "आन् बापाचं नाव लिव्हा, पुंजाराम गुरव. गावाशी खोटं बोलला आन् हिला वाचिवली, दोनीबी लिव्हा."