जोडीनं चालणारे शब्द

मार्करची शाई 'नाऊ अँड'पर्यंत कशीबशी आली आणि पुढचं 'देन' पांढऱ्या फळ्यावर नुसतं ओरखड्यासारखं उमटलं — मान तिरकी केली तरच दिसेल असं. वृषालीनं मार्करचं टोक अंगठ्यावर दाबून पाहिलं. कोरडं. मागे शनिवारच्या बॅचची अकरा माणसं वाट बघत होती. हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुली, सोसायट्यांचे सुपरवायझर, एक नर्स. खिडकीबाहेर महाळुंग्याच्या नव्या इमारतींच्या क्रेन फिरत होत्या.

"मॅम, म्हणजे आत्ता आणि तेव्हा?" किमयानं विचारलं. ही रिसेप्शनवाल्यांपैकीच, सगळ्यात धीट. दोघंतिघं हसले.

"इंग्रजी बाजूला ठेवा. आधी आपली जोडी शोधा," वृषाली म्हणाली. "कधीतरी येणारा पाहुणा कसा येतो? अधूनमधून. आता त्यातला अधू कोण आणि मधू कोण, विचारतो का आपण? नाही ना? मग 'नाऊ' कोण आणि 'देन' कोण, तेही विचारायचं नाही. इकडेतिकडे — हिअर अँड देअर. आज ना उद्या — सूनर ऑर लेटर. जोडीनंच उचलायचं."

माना डोलल्या, वह्यांवर पेनं चालली. किमया म्हणाली, "भारी आहे मॅम. ही आयडिया तुमची?"

"हो."

हो… किती सहज गेलं तोंडातून. पंधरा वर्षं प्रत्येक बॅचला ती हेच सांगत आली होती, फक्त विचारलं कुणीच नव्हतं, त्यामुळे खोटंही बोलावं लागलं नव्हतं. आणि आज, बाबांना कायमचं घेऊन यायला निघायच्या अर्धा तास आधी —

रिहे गावातल्या फार्महाउसवर ती नऊ वर्षांची, साबणाच्या पाण्याची बादली धरून उभी. बाबा साहेबांची जीप धुतायत. बाबा म्हणजे विश्राम, तिथले राखणदार, माळी, गरज पडली तर स्वयंपाकीसुद्धा. सातवी शिकलेले. पुण्याहून येणाऱ्या साहेबांच्या पाहुण्यांचं इंग्रजी ते कान देऊन ऐकायचे आणि त्यातल्या फक्त जोड्या वेचून ठेवायचे, कारण तेवढ्याच त्यांना ओळखीच्या वाटायच्या. "एकटा शब्द बुजतोय गं," टायरवर ब्रश घासत ते म्हणाले होते, "बैलावानी. जोडीला दुसरा दिला की कसा निघतो बघ. म्हन — वरखाली."

"वरखाली."

"अप अँड डाऊन! झालं की इंग्रजी. लई सोपं हाय." आणि जीपच्या ओल्या बॉनेटवर थाप मारून ते हसले होते. ते पाणी माझ्या फ्रॉकवर उडालं होतं, गार… मला अजून ती थाप ऐकू येते.

वर्ग आटोपून ती निघाली; माण, घोटवडे मागे पडले तशी रस्त्याची गर्दी विरळ झाली. कापणी उरकलेल्या भाताच्या खाचरांत धसकटं उभी होती आणि बांधावर पेंढ्याच्या उडव्या. गाडीची मागची सीट तिनं सकाळीच आडवी करून ठेवली होती — बाबांची पेटी, गादी, आईचा फोटो. साहेब वारले, त्यांच्या मुलांनी जागा विकली, आजपासून नवे मालक. म्हणजे बाबांना निघावंच लागणार. ते कुणी ठरवायची गरजच नव्हती. अभयनंही — तिच्या नवऱ्यानं — खोली रिकामी करून दिली होती. फोनवर ती म्हणाली होती, "शनिवारी दुपारी येते, तयार राहा." बाबा म्हणाले होते, "तू म्हनशील तसं."

तू म्हनशील तसं. वीस वर्षं ते तिच्याशी असंच बोलत होते. वीसच. त्याआधी नाही…

अभयच्या घरचे तिला बघायला फार्महाउसवरच आले होते. साहेबांनी मुद्दाम दिवाणखाना उघडून दिला होता. अभयचे अमेरिकेत राहिलेले एक काका, पायावर पाय टाकून बसलेले, आणि बाबा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात चहाचा ट्रे, आणि पोरीच्या अभिमानानं फुलून आलेले — "शी इज अप अँड डाऊन डेली, सर, पुना. बस कमिंग ऑफ अँड ऑन. बट सूनर ऑर लेटर, बिग जॉब!" काका गालात हसले. अभयच्या बहिणीनं ओढणी तोंडाला लावली. आणि वृषाली, इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली वृषाली, म्हणाली होती — "बाबा, पुरे. मराठीत बोला ना."

"व्हय, व्हय," बाबा म्हणाले. ट्रे तसाच हातात. बिस्किटांची बशी फिरवायची राहून गेली होती.

त्यानंतर तिच्यासमोर एक इंग्रजी शब्द नाही. वय झालं, साहेबांकडचं येणंजाणं कमी झालं, विसरले असतील — असं तिनं स्वतःला समजावलं होतं, आणि ते समजावणं इतकं जुनं झालं होतं की खरंच वाटायला लागलं होतं.

फाटकाशी नव्या मालकांची मोठी गाडी होती. वृषाली मागच्या बाजूनं, आउटहाउसकडून आत शिरली. दारात पेटी बांधून ठेवलेली. बाबा नव्हते. विहिरीच्या बाजूनं आवाज येत होता आणि ती पाण्याच्या टाकीला वळसा घालणार इतक्यात जागीच थांबली.

"मोटर, मॅडम, ऑफ अँड ऑन. वन किक, देन ओके." बाबांचा आवाज. मोकळा, चढा, जीप धुणाऱ्या माणसाचा. "स्नेक, हिअर अँड देअर. नो फिअर. ही गो, यू गो."

एक बाई खळखळून हसली. त्या हसण्यात काका नव्हते, ओढणी नव्हती. "यू स्पीक सो वेल, अंकल," ती म्हणाली.

विसरले नव्हते. वीस वर्षं कुणाकुणाशी बोलत आले होते — पाहुण्यांशी, वाट चुकलेल्या ट्रेकरांशी… माझ्याशी तेवढं नाही.

"माय डॉटर, इंग्लिश टीचर. व्हेरी बिग," बाबा सांगत होते.

"डझ शी व्हिजिट यू?"

"शी कम्स नाऊ अँड देन."

बरोबर होतं. वाक्यात एक चूक नव्हती. मागच्या वर्षीच्या दिवाळीनंतर ती आज येत होती. तिनं टाकीच्या भिंतीला हात टेकला; सिमेंट उन्हानं तापलेलं होतं.

मग त्या बाईनं जे म्हटलं ते वृषालीला नीट ऐकू आलं — खोली तुमचीच आहे अंकल, आम्हाला तुम्ही इथेच हवे आहात, जायलाच हवं का? "डॉटर वॉन्ट्स," बाबा म्हणाले, आणि मग अगदी हळू, "आय गो. सूनर ऑर लेटर. टुडे… आय नो वॉन्ट."

तिला मराठीत कधीच न सांगितलेली गोष्ट.

ती परत दारापाशी आली, पेटीजवळ उभी राहिली. थोड्या वेळानं बाबा आले, चपला झटकत. तिला पाहून चेहरा लगेच नेहमीसारखा झाला — सावध, आज्ञाधारक.

"कवा आलीस? पेटी बांधलीय बघ. गाडीत ठिवू?"

"बाबा," ती म्हणाली. वर्गासमोर सहज बोलणारी जीभ जड झाली. "बाबा… डू यू वॉन्ट टु कम?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करतेय का, परीक्षा घेतेय का, ते शोधत होते. आणि त्यांना हे शोधावं लागतंय हे ती बघत होती. ओठ हलल्यासारखे झाले. मग त्यांनी नजर पलीकडे, वांग्यांच्या वाफ्यांकडं वळवली.

"वांग्याला पानी सोडायचं ऱ्हायलंय," ते म्हणाले. "तेवढं करून येतो."

"मी पेटी उचलत नाहीये, बाबा."

ते खोरं खांद्यावर टाकून निघाले, आणि चार पावलांवर थांबून, मागे न बघता म्हणाले, "बस तू. हितं सावली हाय."

ती पायरीवर बसली. वाफ्यांत पाणी शिरल्याचा आवाज आला, मग खोऱ्यानं माती ओढल्याचा. ते परत येऊन काय म्हणतील, कुठल्या भाषेत म्हणतील, तिला अजिबात सांगता येत नव्हतं — आणि घाईही नव्हती. त्यांच्या तोंडून जसं येईल तसं ते पूर्ण ऐकायचं, मधे एक अक्षर बोलायचं नाही, एवढंच तिच्या मनात होतं. आणि त्या एवढ्याशा गोष्टीचीच तिला भीती वाटत होती.