मिठाच्या गोण्यांखाली

मी एक जुना बंपर आहे. ज्या मोटारीच्या तोंडाशी मी होतो ती केव्हाच मोडीत गेली. मी तेवढा जव्हारच्या एका पत्र्याच्या पडवीत खिळ्यांना टांगलेला आहे. मित्रांनो, माझ्या अंगावरचे खड्डे पाहून तुम्हाला देवीचे वण आठवतील. ते कसे पडले, ते सांगतो.

मूळचा मी पोलाद. कारखान्यात माझ्यावर आधी तांब्याचा, मग निकेलचा आणि सर्वांत वर क्रोमचा मुलामा चढवला. हा वरचा थर कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ असतो, पण तोरा केवढा! संस्थानच्या एका कारभाऱ्यांच्या मोटारीला मला बसवलं. मोखाड्याच्या रस्त्याने माणसं आधी मला पाहायची, मग कारभाऱ्यांना. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

मोटार पुसायचं काम दाभोसा गावच्या मंगळूकडे होतं. त्याची बायको सुकी पाणी आणून द्यायची. तिच्या घरी आरसा नव्हता. मंगळू चाकं धुवायला वाकला की ती माझ्यापुढे उकिडवी बसून कुंकू नीट करायची. माझ्या फुगीर अंगात तिचं नाक भोपळ्याएवढं दिसे आणि ती खुदकन हसे. केसांना खुरासणीचं तेल चोपडून झालं की उरलेला हात रोज त्याच जागी माझ्या अंगाला पुसायची. "तू बी चोपड थोडं," म्हणायची.

अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं. कारभारी निघून गेले. मोटार नव्या कचेरीकडे आली आणि पडवीत उभी राहिली. कचेरीच्या साहेबांनी मंगळूला ठेवून घेतलं, पण बजावलंही, "गाडीला काही झालं, तर तुला घरी बसवीन."

पुढच्या पावसाळ्यात पत्रा गळू लागला. थेंब नेमके माझ्यावर. सुकीने बाजारातून रिकाम्या गोण्या मागून आणल्या.

"ऱ्हाऊ दे. मी सकाळ-संध्याकाळ पुसतो ना," मंगळू म्हणाला.

"आन् मधल्या वक्ताला? उघडा कसा ठेवायचा?"

तिने गोण्या माझ्याभोवती गुंडाळल्या आणि सुंभाने तीन गाठी मारल्या. गोण्या मिठाच्या होत्या. तिला बिचारीला काय ठाऊक!

पुढच्याच आठवड्यात सुकी दाभोशाला घरी गेली आणि तापाने पडली. औषध घेऊन निघालेला मंगळू पूर आलेल्या ओढ्याच्या अलीकडे दीड दिवस अडकला. तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर तो रोज येई. सारी मोटार पुसे, माझ्यापाशी आला की गाठींवर बोटं ठेवून उभा राही आणि तसाच परत जाई. तिच्या हातच्या गाठी सोडवायला त्याचा हात धजेना. आत मी सडत होतो. ओलं मीठ क्रोमच्या बारीक छिद्रांतून पोलादापर्यंत शिरत होतं. खालचं पोलाद गंजून फुगे आणि वरचा मुलामा फोड धरून सुटे. पण त्याहून मला भीती वाटे ती दुसऱ्याच गोष्टीची. गोणीपलीकडे कुणीतरी उकिडवं बसलंय असं सारखं वाटायचं. भर दुपारी बांगड्या वाजायच्या. पडवीत तर चिटपाखरू नसायचं.

दिवाळीच्या तोंडावर गाडी बाहेर काढायचा हुकूम आला. नाशिकहून बोलावलेल्या रघु मिस्त्रीने सुरीने सुंभ कापला. मंगळूने तोंड फिरवलं. मला पाहून मिस्त्रीने कपाळावर हात मारला.

"चिंच-राखेनं घासू का? पितळ लख्ख निघतं त्यानं," मंगळूने विचारलं.

"खबरदार! उरलंय तेही घालवशील."

मिस्त्रीने मला साबणाच्या पाण्याने धुतलं. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवला. तांबूस गंज उतरला. मग कोरडं पुसून तेलाचा हात दिला. "डाग गेले, खड्डे नाही जायचे. त्यासाठी मुंबईला नेऊन सगळा मुलामा उतरवायचा आणि नवा चढवायचा."

सुकीच्या तेलाची तळहाताएवढी जागा मात्र गुळगुळीत होती. मंगळू तिच्यापुढे बसला. बराच वेळ बसला. मग मागे कुणी आलंय असं वाटून त्याने दचकून वळून पाहिलं. मीही पाहिलं. कुणी नव्हतं.

इकडे मिस्त्रीने गोणीवर बोट घासून जिभेला लावलं. "मीठ! कोणत्या शहाण्याने बांधलं हे?"

साहेब तिथेच उभे होते. बायकोने अजाणतेपणी केलं असं मंगळू म्हणाला असता, तर साहेब कदाचित विरघळले असते. मेलेल्या माणसाला कोण काय करणार? पण मग साऱ्या जव्हारात तेवढंच बोललं गेलं असतं, की सुकीने गाडीचं वाटोळं केलं.

"मीच बांधलं साहेब," मंगळू म्हणाला. "माझीच चूक झाली."

त्याला त्याच दिवशी काढलं. जाताना त्याने सुंभाचे तुकडे गोळा करून सदऱ्याच्या खिशात घातले. माझ्यावर नवा मुलामा काही चढला नाही.

मित्रांनो, तुमच्या सायकलीचा चकाकता भाग भिजला तर लगेच कोरडा पुसा, तेलाचा हात द्या. ओल्या गोणपाटाखाली काही कोंडून ठेवू नका. झाकलंत तर मधूनमधून उघडून पाहा. आणि हात जोडून एक विनंती. मंगळूने जे लपवलं ते आज मी बोलून बसलो. कुणी विचारलंच, तर गोण्या मंगळूने बांधल्या असंच सांगा.