रंगुबाईचं चित्र

सृष्टीने चुलती रंगुबाईचं चित्र काढलं होतं. डोक्यावर पदर, काखेत कोकरू. मोबाइलवरून ते सगळीकडे पाठवताना तिने खाली लिहिलं होतं, ‘कुणीही घ्या, छापा. माझं नावही नको.’ लोकांनी घेतलं. माधवनगरच्या बचत गटाने पिशव्यांवर छापलं, उंब्रजच्या एका टेम्पोवाल्याने मागच्या फळक्यावर रंगवून घेतलं. मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि विरोधी गटाने स्टँडवर भला मोठा फ्लेक्स लावला. मधे रंगुबाई, दोन्ही बाजूंना हात जोडलेले पुढारी.

रंगुबाईचा नवरा मल्हारतात्या त्यांच्याच विरोधात उभा होता.

संध्याकाळी बिरोबाच्या कट्ट्यावर भावकी जमली. फ्लेक्स छापणाऱ्या अश्फाकला मिरजेहून जीपमध्ये घालून आणलं होतं.

“बाई आमची अन् मतं त्यांना?” तात्या म्हणाला. “सृष्टे, यानं चोरलं, एवढंच बोल. म्होरचं आमी बघतो.”

म्होरचं काय, ते जीपला टेकवून ठेवलेल्या काठ्यांवरून कळत होतं.

“ताई, तुमी लिवलेलं वाचूनच छापलं वो,” अश्फाक म्हणाला.

सृष्टी पुढे झाली. “चोरलं न्हाई, तात्या. मीच दिलंय.”

“कुणाला इचारून?”

“मला इचारलं हुतं, आवं,” बायकांतून रंगुबाई बोलली. “म्या म्हनलं, काढ.”

“काढ म्हनलीस. वाट म्हनलीस का?”

ते सृष्टीने विचारलंच नव्हतं.

“मग परत घे,” तात्या सृष्टीला म्हणाला.

“कसं घेऊ? कुणीबी घ्या म्हनलंय.”

“कुणीबी म्हंजी आपुन बी की रं गड्या!” मागून कुणीतरी ओरडलं. कट्टा हसला. तात्याही हसला, आणि अश्फाकच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, “उद्या आपला लाव. त्यांच्यापरास मोठा. शेजारी मी.”

अश्फाकने सृष्टीकडे पाहिलं. “ताई, छापू?”

नाही म्हटलं तर काठ्या होत्याच. रंगुबाई समोरून तिच्याकडेच बघत होती, मान किंचित हलवत. नको, नको.

“छाप,” सृष्टी म्हणाली.

अश्फाकला कुणीतरी चहा दिला. रंगुबाई उठली, पदर नाकापर्यंत ओढला आणि घराकडे चालू लागली. सृष्टीने दोनदा हाक मारली. ती थांबली नाही.